तिघांनी पाणी घातलेला डूल

मुलुंड पूर्व,
रविवार, १२ फेब्रुवारी २०२३

प्रिय मीराआत्या,
सप्रेम जयभीम.

दुरुस्ती: मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या फ्युशियाची कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली आहे. ते चूक आहे. मिथुनच्या फोनमधल्या होकायंत्रावर पाहिलं, खिडकी ईशान्येला आहे. ऊन सात वाजून दहा मिनिटांनी येतं आणि सव्वानऊला समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जातं. पानंही मी अकरा लिहिली होती. ती दहा आहेत. अकरावं पान म्हणजे कुंडीच्या कडेला चिकटलेला कडुनिंबाचा पाला निघाला.

मिथुन म्हणतो, "ताई, आत्या काय पोलीस आहे का? एका पानासाठी अर्धं पान लिहितेस!" मी त्याला म्हटलं, तू आत्याकडे शिकला नाहीस, तुला नाही कळणार. लहानपणी माझ्या दम्यामुळे मला दोन वर्षं पाचगणीला ठेवलं, तेव्हा ती मेट्रन आहे त्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात आत्याने मला अक्षरं शिकवली आणि खोडरबर कधी दिलंच नाही. चुकलं ते तसंच ठेवायचं, आणि पुढच्या पानावर सगळ्यात वर 'दुरुस्ती' लिहून खरं काय ते सांगायचं. आता मी चोवीस वर्षांची आहे, घाटकोपरच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लोकांची नावं चिकटवते, तरी दुरुस्ती लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. यावर तो म्हणाला, "मग बरं झालं मी सरळ शाळेत गेलो."

पप्पांनी तुझं बोलणं अगदी शब्दाला शब्द धरलं आहे. जानेवारीत तू फांदी लावून दिलीस, फुलं कानातल्या डुलासारखी लोंबतात म्हणून नेहमीसारखं तिला डूल म्हटलंस आणि म्हणालीस, "कुंडलिक, हा डूल मुलुंडला मे महिन्यापर्यंत टिकला आणि फुलला, तर मीही टिकेन. मग एकतीस मेला निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, की तुमच्याकडेच येते." नाही टिकला तर काय, हे पप्पांनी विचारलंच नाही. हॉलच्या भिंतीवर खडूने तुझ्या कॉटची लांबी आखून ठेवली आहे. आईने दोनदा पुसली, त्यांनी तिसऱ्यांदा आखली.

म्हणून मला फार भीती वाटते आहे, आत्या. तू हसशील. पण हा डूल माझ्या हातून गेला तर तू येणार नाहीस, आणि पप्पा मला काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणंच मला सहन होणार नाही. रोज सकाळी एक पेला पाणी घालते. फुलपात्राने मोजून.

पप्पा गोरेगावला ज्या इमारतीच्या लिफ्टचं काम बघतात तिच्या शेजारी एक नर्सरी आहे. तिथे बंगळुरूहून आलेले फ्युशिया आहेत म्हणे. काही झालरीवाले, दुहेरी पाकळ्यांचे, फार सुंदर. जोडीला एक घेऊन ठेवू का? कुठला निवडायचा ते लिही.

फोन करत नाही. तुझं कानातलं मशीन फोनवर शिट्टी मारतं आणि तू नुसतं "हं, हं" करतेस.

तुझी,
तेजल

*

पाचगणी,
२० फेब्रुवारी २०२३

चि. तेजल,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

ईशान्य चालेल. होकायंत्र परत कर, त्या पोराला लागेल.

झालरीवाला घेऊ नकोस. फ्युशिया निवडताना फुलाकडे बघून निवडायचं नाही, ही पहिली गोष्ट. आमच्या बागेत मी आठवीतल्या मुलींना सांगते, लग्नाच्या साड्यांच्या दुकानात शिरल्यासारखं करू नका. दुहेरी पाकळ्यांचं फूल जड असतं, फांदी वाकते, आणि जरा ऊन लागलं की आधी कळ्या टाकतं. गरम हवेत जगेल तर एकेरी, बारीक फुलाचं. नाहीतर ते लांब नळीसारख्या केशरी फुलांचं, काळपट पानांचं. त्याला ऊन त्यातल्या त्यात सोसतं. तुला दिलेला आपला साधाच आहे, वर लाल, आत जांभळा. पायरीजवळच्या झाडाची फांदी. त्याच्या कळ्या मुली बोटांत धरून टच्‌कन फोडतात. अठ्ठावीस वर्षं ओरडते आहे, अजून फोडतात.

आता नीट वाच. शेंड्याची दोन पानं खुड, म्हणजे बाजूने फुटेल. खुडताना रडू नकोस. पाणी पेला मोजून घालायचं नसतं. कुंडी उचलायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर हात धुऊन आपल्या कामाला लागायचं. फ्युशियाला थंडावा लागतो. थंडावा आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुंडलिकला सांग, भिंतीत खिळे ठोकू नकोस एवढ्यात.

इथे गारठा आहे. सकाळी समोरची दरी दिसत नाही, नुसतं पांढरं. शाळेच्या फाटकाबाहेरच्या रतनबाई परवा सांगत होत्या, त्यांची मागची खोली मे महिन्यात रिकामी होणार आहे, पुढे ओट्याएवढं अंगण आहे. सहज विषय निघाला म्हणून लिहिलं.

तुझी,
मीराआत्या

*

मुलुंड पूर्व,
रविवार, २६ मार्च २०२३

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

दुरुस्ती: मी लिहिलं होतं की डुलाला रोज एक पेला पाणी मिळतं. तो पेला फक्त माझा होता. मला काल कळलं की मी लॅबला गेले की दुपारी आई एक तांब्या घालते, "बिचारं मान टाकून बसतं" म्हणून. आणि पप्पा संध्याकाळी कामावरून आले की चपला काढायच्या आधी अर्धी बाटली घालतात. तिघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. काल मी लवकर आले तर पप्पा बाटली घेऊन उभे.

"पप्पा, हे काय?"

"काही नाही गं, अक्काच्या झाडाला जरा."

आई आतून म्हणाली, "मी दुपारीच घातलंय!"

मिथुन म्हणाला, "झकास. झाडाला पोहायला शिकवा आता."

मी हसले नाही. कारण तू लिहिलं होतंस तशी मी रोज कुंडी उचलत होते आणि ती रोज जड लागत होती. पण झाड मान टाकलेलं दिसायचं. मला वाटलं, हाताचं काय सांगावं, हात चुकू शकतो, डोळ्यांना तर दिसतंय की ते तहानलेलं आहे. म्हणून मी घालतच राहिले.

शेंडा खुडला होता. बाजूने दोन फुटवे आले. पानं तेरा झाली होती. आता खालची चार पिवळी आहेत. दुपारी दोनला खिडकीतलं तापमान अडतीस असतं. पप्पांनी ग्रिलला गोणपाट बांधून दिलं आहे, त्यावर पाणी मारतो. काय करू ते लगेच लिही.

तुझी,
तेजल

*

पाचगणी,
३० मार्च २०२३

चि. तेजल, आशीर्वाद.

थांबा. तिघंही थांबा.

ते तहानलेलं नाही, ते उकडतंय. उकाड्याने फ्युशिया मान टाकतं, माती ओली असली तरी. त्यावर आणखी पाणी घातलं की मुळं कुजतात, आणि मुळं कुजली की पुन्हा मान टाकतं, आणि मग प्रेमळ माणसं पुन्हा पाणी घालतात. कुंडी न्हाणीघरातल्या खिडकीखाली जमिनीवर ठेव, सावलीत. आठ दिवस पाणी नाही. पुढे फक्त एकाने घालायचं. कोणी, ते तुम्ही ठरवा, पण एकानेच.

आणि हे बघ, जगलं नाही तर नाही. मुलुंडला फ्युशिया मेला म्हणून कोणी तुला बोल लावणार नाही. मी तर नाहीच नाही. अजिबात मनाला लावून घेऊ नकोस.

मीराआत्या

*

मुलुंड पूर्व,
रविवार, ३० एप्रिल २०२३

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

आज दुरुस्ती नाही! आज पहिल्यांदा मी सरळ सुरुवात करते आहे.

डूल फुलला.

सगळं क्रमाने लिहिते. एप्रिलच्या सुरुवातीला मी कुंडी न्हाणीघरात ठेवली. पाण्याचं काम माझ्याकडे. चौदा तारखेच्या जयंतीच्या गडबडीत दोन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, पण दाराला कागद लावला होता, 'कुंडीला हात लावू नये.' मिथुनने त्याखाली लिहिलं, 'हुकमावरून, आत्या.' तेव्हा झाड तसंच होतं, सुधारत नव्हतं, बिघडतही नव्हतं. मग लॅबने मला चोवीस ते अठ्ठावीस पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. मी पप्पांना पाण्याचे नियम लिहून दिले आणि रोज रात्री फोन करून विचारलं. ते म्हणायचे, "ठीक आहे, ठीक आहे, जेवलीस का?"

अठ्ठावीसला रात्री घरी आले तर पप्पा दारातच. म्हणाले, "डोळे मिट." माझा हात धरून न्हाणीघरात नेलं. आत्या, सात कळ्या! आणि एक उमललेलं, वर लाल, आत जांभळं, अगदी तुझ्या पायरीजवळच्यासारखं. मला रडू आलं. पानं मोजली, एकतीस आहेत. तेरातली चार गेली होती, म्हणजे पाच दिवसांत बावीस नवी. मी पप्पांना म्हटलं, एवढी कशी? ते म्हणाले, "एका माणसाने लक्ष दिलं की वाढतं, तुझी आत्याच म्हणाली ना?"

आता तू येणार. पप्पांनी एक जूनचा टेम्पो सांगून ठेवला आहे. मिथुन हॉलमधून आत झोपायला तयार आहे, फक्त "आत्याने मला दुरुस्त्या लिहायला लावायच्या नाहीत" ही त्याची अट आहे. लिफ्टची काळजी करू नकोस. बंद पडली तर पप्पा आहेत.

तुझी,
तेजल

*

पाचगणी,
६ मे २०२३

चि. तेजल,
आशीर्वाद. काल बुद्धपौर्णिमा झाली, सगळ्यांना मंगल असो.

तुझं पत्र मिळालं. एकतीस पानं वाचून मी दोनदा चष्मा पुसला. पण तू मोजलीस म्हणजे एकतीस असतील. तू लिहिलंस म्हणजे फुललाच असेल. शाबास.

मी शब्द दिला होता, तो मोडणार नाही. रतनबाईंना सांगून टाकलं की मी मुंबईला चालले. त्यांनी ती मागची खोली माझ्यासाठी धरून ठेवली होती, हे तुम्हाला सांगायचं कारण नव्हतं. त्या म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत थांबते, मीराताई, अजून विचार करा." मी म्हटलं, थांबू नका, तुमचं नुकसान नको.

सामान फार नाही. एक पत्र्याची पेटी, शिलाई मशीन, पुस्तकं दोन खोकी. कुंड्या वाटायला काढल्या. अठ्ठावीस होत्या. पायरीजवळचा माळ्याकडे, तीन स्वयंपाकघरातल्या बायकांकडे, बाकी शाळेतच राहतील. एक मुलगी विचारत होती, "मॅडम, आता कळ्या फोडल्या तर कोण ओरडणार?" मी म्हटलं, फोडा आता.

इथे मला पहाटे उठल्यावर दार उघडून पायरीवर बसायची सवय आहे. कोणाशी बोलावं लागत नाही, कानाचं मशीन काढलेलं असतं. मुलुंडला अशी जागा कुठली करता येईल, ते बघू. होईल काहीतरी. माणूस कशातही रुळतं.

डुलाला आता एक बोट मोठ्या कुंडीत लाव. मी येईपर्यंत मुळांना जागा होऊ दे. जुनी माती झाडू नकोस, गोळा आहे तसाच उचलून ठेव.

कुंडलिक खूश असेल.

मीराआत्या

*

मुलुंड पूर्व,
सोमवार, १५ मे २०२३

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

दुरुस्ती: डूल फुललेला नाही. ज्या झाडाबद्दल मी तीस एप्रिलला लिहिलं ते तुझं झाड नाही. तुझं झाड पंचवीस एप्रिललाच मेलं होतं.

हे वाक्य मी चार कागदांवर लिहिलं. हा पाचवा आहे.

काल रविवारी तू सांगितल्याप्रमाणे मी कुंडी बदलायला बसले. उपडी केली, गोळा हातात आला. वरची दोन बोटं आपली पाचगणीची लाल माती होती. खाली सगळं नारळाच्या काथ्याचं, तपकिरी, भुसभुशीत, नर्सरीच्या पिशवीच्या आकाराचं. लाल माती खाली कुठेच नव्हती. कोणीतरी वर पसरून थापली होती.

पप्पा बाजूलाच पेपर वाचत होते. मी विचारलं, "पप्पा, ही माती कुठली?"

"कुंडीतली."

"कुंडीतली म्हणजे?"

"आता ते मला काय विचारतेस, लॅबवाली तू आहेस."

मिथुन म्हणाला, "पप्पा, वाट लागली. आता रिपोर्ट येणार."

आई भाजी चिरत होती. ती वर न बघता म्हणाली, "सांगून टाका हो. मी दोन आठवडे गप्प बसलेय, माझ्याच्याने होत नाही."

मग त्यांनी सांगितलं. मी पुण्याला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बुंधा खालून काळा आणि मऊ झाला होता, हात लावला तर कललाच. म्हणजे मार्चमधलं पाणीच त्याला भोवलं. सुधारत नव्हता आणि बिघडतही नव्हता असं मी लिहिलं, तेव्हा तो आतून जात होता. पप्पा गोरेगावला गेले. नर्सरीवाल्याला म्हणाले, वर लाल, आत जांभळा, एकेरी पाहिजे, झालरीचा नको. तुझं पत्र त्यांनी वाचलं होतं ना, निवडायचं कसं ते पाठ होतं.

मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही आत्याला फसवलंत."

ते चिडले. "फसवलं काय? झाड मेलं म्हणून माझी बहीण यायची राहणार? झाडं शंभर मिळतात, अक्का एकच आहे. आई-बाबा गेले तेव्हा चौदा वर्षांची होती, शाळा सोडली आणि मला दहावी केलं. साठ वर्षांची झाली, आता भाड्याच्या खोलीत एकटी राहणार? ऐकू येत नाही तिला. पडली-झडली तर कोणाला हाक मारणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू लिहून टाकलं असतंस."

ते खरं आहे. मी लिहून टाकलं असतं.

त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून वर्तमानपत्राची एक पुडी काढली. त्यात तुझी वाळलेली फांदी होती. टाकवली नाही म्हणाले.

पण आत्या, पप्पांचं एक आणि माझं एक. माझंही लिहायला हवं. मी एकतीस पानं मोजली होती. पाच दिवसांत बावीस पानं येत नाहीत हे मला माहीत होतं. लॅबमध्ये असा आकडा आला असता तर मी नमुना परत मागवला असता. इथे मागवला नाही, कारण तो आकडा मला हवा होता. म्हणून चूक माझ्या पत्रात आहे आणि मीच ती दुरुस्त करते आहे.

काल रात्री तुझं सहा तारखेचं पत्र पुन्हा वाचलं. आधी वाचलं तेव्हा मला फक्त "शब्द मोडणार नाही" एवढंच दिसलं होतं. काल मला अठ्ठावीस कुंड्या दिसल्या, आणि रतनबाईंची खोली. आणि तुझ्या पत्रात "चालले" लिहिलं आहे, पण "यावंसं वाटतं" कुठेच नाही. मी तीनदा शोधलं.

झाड मेलं, म्हणजे तू दिलेल्या शब्दातून मोकळी आहेस. पण मला ते नकोय. मला हे हवंय की झाडाचं सोडून दे आणि सांग, तुला यायचं होतं का?

तुझी,
तेजल

*

पाचगणी,
१९ मे २०२३

चि. तेजल,
आशीर्वाद.

दुरुस्ती. बघ, मलाही लिहावी लागली.

जानेवारीत मी कुंडलिकला म्हटलं की डूल मुलुंडला टिकला तर मी येईन. मी अठ्ठावीस वर्षं फ्युशिया लावते आहे. मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर मे महिन्यात तो टिकत नाही हे मला त्या दिवशी माहीत होतं. म्हणूनच तशी अट घातली. कुंडलिक माझ्यासमोर बसून म्हणत होता, "अक्का, तू चल, तू चल," आणि त्याचे डोळे भरले होते. तो पाच वर्षांचा होता तेव्हापासून तो रडला की मला नाही म्हणता येत नाही. म्हणून मी झाडाला नाही म्हणायला लावलं, आणि ते झाड तुझ्या हातात दिलं. तू चार महिने जिवाचं रान केलंस. ते मला दिसत होतं, पत्रागणिक दिसत होतं, आणि तरी मी लिहिलं नाही. तुला दुरुस्ती शिकवणारी बाई मी. याची मला लाज वाटते.

मग तू लिहिलंस की फुलला. मला वाटलं, झाडाने मला खोटं पाडलं, आता जायलाच हवं.

तुझा प्रश्न. तुम्हा सगळ्यांना भेटावंसं रोज वाटतं. तिथे राहावंसं वाटत नाही. मला उकाडा सोसत नाही, दोन खोल्यांत पाच माणसांचे आवाज मशीनमधून एकदम येतात आणि डोकं दुखतं, आणि माझ्यासाठी मिथुनने उशी घेऊन आत जावं हे मला आवडत नाही. याने तुमच्यावरची माया कमी होत नाही, पण आहे हे असं आहे.

आता मात्र राहू दे. कुंडलिकवर रागावू नकोस. त्याने टेम्पो सांगितला आहे, साऱ्या इमारतीला सांगून बसला असेल. रतनबाईंकडे पुढच्या रविवारी, अठ्ठावीसला, साताऱ्याचं कोणी जोडपं खोली बघायला येणार आहे. रतनबाईंना मी एकदा नाही म्हटलं, आता परत कुठल्या तोंडाने जाऊ? मी येते मुलुंडला. करू काहीतरी. एवढं आयुष्य केलं.

मीराआत्या

*

मुलुंड पूर्व,
बुधवार, २४ मे २०२३

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

हे स्पीड पोस्टने पाठवते आहे, म्हणजे शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. तुला निरोप द्यायला शाळेच्या ऑफिसात फोन लावला होता, सुट्टीमुळे कोणी उचलत नाही. तुझ्याशी फोनवर बोलायचं मी टाळलं. तू "हं, हं" म्हणाली असतीस आणि मला ते "हो" वाटलं असतं.

तुझं पत्र काल आलं. मला ते एकटीने वाचायचं होतं, पण पप्पा समोर उभे होते, म्हणून मोठ्याने वाचलं. काही वगळलं नाही. झाडाला नाही म्हणायला लावलं, तिथे पप्पा खाली बसले. आईने चहा ठेवला, तो गार झाला.

मग म्हणाले, "मला नाही म्हणायला अक्काला झाड लागलं?"

आई म्हणाली, "तुम्ही तिला विचारलं कधी? 'तू चल' म्हणणं म्हणजे विचारणं नाही."

पप्पा म्हणाले, "मी काय वाईट चिंतत होतो का?"

"नाही हो. दिवसाला अर्धी बाटली घालत होतात."

यावर मिथुनला हसू आलं, आणि मग पप्पांनाही आलं, पण अर्धवट. डोळे पुसत म्हणाले, "ती खोली चांगली आहे का? कौलं आहेत की पत्रा? पावसात गळत असेल. न्हाणीत धरायला दांडा आहे का? जोरात दार वाजवलं तर तिला ऐकू येईल का? दिव्याची घंटा बसवतो, बटण दाबलं की आत दिवा लागेल, लिफ्टला असतो तसा." मी म्हटलं, पप्पा, आधी खोली तर मिळू दे. तरी उठून त्यांनी पिशवीत वायर आणि होल्डर भरले. टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. इमारतीतल्या लोकांना काय सांगणार असं विचारलं तर म्हणाले, "सांगेन, माझी बहीण थंड हवेच्या ठिकाणी राहते. सगळ्यांना पाहिजे असतं, तिला मिळालंय."

ते अजून दुखावलेले आहेत, आत्या. तुझ्यापासून लपवत नाही. आज सकाळी पुडीतली ती वाळकी फांदी खिडकीत ठेवून बघत बसले होते. पण ते माझ्याबरोबर येणार आहेत, आणि रतनबाईंशी बोलणं आपण स्वतः करणार म्हणाले. "अक्काला तोंड दाखवायला जड जात असेल तर तिने घरात बसावं, मी आहे ना. तिच्यासाठी मागायची मला कसली लाज?"

मी बरोबर करते आहे की नाही, मला पूर्ण खात्री नाही. तुझ्या 'राहू दे'चा अर्थ खरोखरच राहू दे असाही असू शकतो. तसं असेल तर दारातच सांग, मी एक शब्द बोलणार नाही. पण पत्राने उत्तर पाठवू नकोस, ते पोहोचणार नाही, आणि मी वाट बघत बसणार नाही. माझ्याच पत्रामुळे तू खोलीला नाही म्हणालीस, म्हणून ते जोडपं येण्याआधी मला तिथे असायलाच हवं.

उरलेल्या कुंड्या कोणाला देऊ नकोस. माळ्याशीही बोलून ठेव. पेटी बांधली असशील तर बांधलेलीच राहू दे, उचलायला मी आणि पप्पा पुरे आहोत. शाळेच्या फाटकापासून रतनबाईंच्या दारापर्यंतच न्यायची आहे.

लॅबमधून एक दिवसाची रजा मिळाली आहे. तिकिटं काढली आहेत, पप्पांचं आणि माझं. आम्ही आधी रतनबाईंकडे जाऊ, मग तुझ्याकडे. शनिवारी, सत्तावीस मेला, सकाळी सहाच्या गाडीने निघतो.

तुझी,
तेजल